तापात फिट येते ती परत येते का? आणि पुढे काय?

इंदिरानगरवाली | १२ जून, रात्री ११:५०

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचतेय, लिहायची वेळ आली नव्हती.

माझा मुलगा आता १८ महिन्यांचा आहे. जानेवारीत, १४ महिन्यांचा असताना, पहाटे पावणेसहाला त्याला फिट आली. निफाडचा पारा घसरला की इकडेही दात वाजतात, त्यामुळे अंगावर दुलई आणि वर सासूबाईंची गोधडी. आदल्या रात्री नाक वाहत होतं, बाकी काही नाही. ताप आहे हे मला फिट आल्यावर हात लावला तेव्हा कळलं. डोळे वर गेलेले, हातपाय ताठ, मग झटके, ओठ निळे. मी ह्यांना फोन लावला, ते अंबडला रात्रपाळीला होते. आईंनी कांदा फोडून नाकाशी धरला आणि दातखीळ उघडायला तोंडात चमचा घातला. हिरडीतून रक्त आलं. ते बघून मला वाटलं, संपलं.

फिट वीस मिनिटं चालली असं मी महिनाभर सगळ्यांना सांगत होते. मग एकदा फोनमध्ये कॉलची नोंद बघितली. आमचं बोलणं १ मिनिट ५२ सेकंद. आणि हे म्हणतात, फोन ठेवायच्या आधीच त्यांना पिल्लूचं रडणं ऐकू आलं होतं.

बोगद्याच्या पलीकडे एका हॉस्पिटलात नेलं (पहाट होती म्हणून, नाहीतर त्या बोगद्यातच अर्धा तास). तिथे ताप १०१ भरला. दोन दिवस ठेवलं. कार्डावर लिहून दिलं 'सिंपल फेब्राइल कन्व्हल्शन', म्हणजे तापातली साधी फिट, आणि तोंडी एकच वाक्य, ताप चढू देऊ नका. तेव्हापासून घरात दोन थर्मामीटर. अंग जरा कोमट लागलं की दर सहा तासांनी पॅरासिटामॉल, रात्रीचा गजर लावून.

मे महिन्यात घसा धरला, ताप आला. दोन दिवस एकही डोस चुकवला नाही. तिसऱ्या रात्री दोनचा गजर वाजला तो मी झोपेतच बंद केला. सव्वातीनला फिट. माझी झोप त्याला भोवली, हे डोक्यातून जातच नाही.

दुसऱ्या फिटनंतर आई म्हणाल्या की ह्यांनाही लहानपणी दोनदा आली होती. आधी का नाही सांगितलं, तर म्हणे, लग्न ठरताना कुणी सांगतं का असलं काही.

परत येईल का? मेंदूवर काही राहतं का? मोठेपणी मिरगी लागते का? जाऊबाई म्हणतात एमआरआय करून टाका. कुणाचा अनुभव असेल तर लिहा.

पंचवटीचा_पक्या | १३ जून, सकाळी ७:१०

वाचतोय. आमच्या भाचीलाही आली होती, त्यामुळे वाचनखूण साठवली.

गोदाकाठची_काकू | १३ जून, सकाळी ९:०५

अगं, घाबरू नकोस. माझ्या मोठ्याला पाच वेळा आली. पहिली दहा महिन्यांचा असताना, शेवटची बालवाडीत. त्या वेळी फिट आली की डॉक्टर गार्डिनाल (फिटवरचं जुनं औषध) सुरू करायचे, रोज, ताप असो नसो. आम्ही तीन वर्षं दिलं. पोरगं दिवसभर किरकिर करायचं, एका जागी बसायचं नाही. मला वाटायचं स्वभावच असा. औषध बंद झालं आणि महिन्याभरात शांत झाला की! आज तेहतीस वर्षांचा आहे, इंजिनियर झाला, स्वतःचं वर्कशॉप आहे सातपूरला. सहावीनंतर क्रोसिनसुद्धा लागली नसेल त्याला.

आणि ती चमच्याची गोष्ट. माझ्या सासूबाईंनी किल्ली घातली होती. पुढचा दुधाचा दात अर्धा तुटला. सगळ्या सासूबाया एकाच शाळेत शिकल्यात.

सिन्नरफाटा | १३ जून, दुपारी १:३०

माझं मत: ताप डोक्यात चढू द्यायचा नाही. टाळूवर बर्फाची पट्टी, अंग गार पाण्याने पुसायचं. ताप ९९ च्या वर गेलाच नाही तर फिट येईल कुठून? साधं लॉजिक आहे.

डॉ_सायकलवाला | १३ जून, रात्री १०:२०

बालरोगतज्ज्ञ आहे, नाशिकरोडला बसतो. मूल न तपासता उपचार सांगत नाही, पण सगळ्यांना लागू पडेल तेवढं लिहितो. लांबेल.

आधी रात्री दोनच्या गजराबद्दल, कारण बाकी सगळं त्यापुढे किरकोळ आहे. डोस चुकला म्हणून फिट आलेली नाही. एकदा फिट येऊन गेलेल्या मुलांना पुढच्या आजारपणांत घड्याळ लावून तापाचं औषध दिलं तर फिट टळतात का, हे नीट चाचण्या घेऊन तपासलं गेलंय. पॅरासिटामॉलने टळत नाहीत, आयब्युप्रोफेननेही नाहीत. तुम्ही जाग्या असता, डोस दिला असता, तरी ती सव्वातीनला येणारच होती असं धरून चाला. सिन्नरफाटा यांचं लॉजिक साधं आहे हे खरं, पण बरीच मुलं ताप चढत असतानाच फिट टाकतात, घरच्यांना ताप कळण्याआधी. पहिल्या वेळी इथे तेच झालं. बर्फाच्या पट्टीने मूल कुडकुडतं आणि कुडकुडून अंग आणखी तापतं.

आता 'परत येईल का'. सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात फिट येते. एकदा आलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांना परत येते. पहिली फिट वर्षाच्या आत आली असेल तर जवळपास निम्म्यांना. यातही आपलं मूल कुठे बसतं ते बऱ्यापैकी सांगता येतं. पहिली फिट दीड वर्षाच्या आत आली का? आईवडील किंवा भावंडांत कुणाला तापात फिट आली होती का? ताप सुरू होऊन तास व्हायच्या आत आली का? आणि त्या वेळी ताप कमीच होता का? शेवटचा प्रश्न लोकांना उलटा वाटतो. १०४ ला फिट आली तर ते मूल बरंच सोसून मग पडलं. १०१ ला आली तर त्याचा उंबरठाच खाली आहे, आणि १०१ ताप तर वर्षात सहा वेळा येणार. चारही उत्तरं 'हो' असतील तर परत येण्याची शक्यता सत्तर टक्क्यांच्या वर जाते. चारही 'नाही' असतील तर वीसच्या खाली. तुमच्या मुलात चारही दिसतात. म्हणजे मे महिन्यातली फिट जानेवारीतच कार्डावर लिहून देता आली असती. कुणी तरी पाच मिनिटं बसून सांगायला हवं होतं.

परत येणाऱ्यांपैकी बहुतेकांना पहिल्या वर्षभरात येते, दोन वर्षांनंतर क्वचित. तेव्हा अजून एखादी येईल अशी तयारी ठेवा.

'नुकसान होईल का' हा पूर्ण वेगळा प्रश्न आहे, आणि घरोघरी गोंधळ इथेच होतो. परत येते म्हणजे मेंदू बिघडत चाललाय, असं लोक धरून चालतात. ब्रिटनमध्ये १९७० साली एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा झाला. त्यातल्या जवळपास चारशे मुलांना तापात फिट आली होती. दहाव्या वर्षी अभ्यास, बुद्धी, वागणूक तपासली तर ती बाकीच्या मुलांसारखीच निघाली. अमेरिकेत १,७०६ अशी मुलं सात वर्षांची होईपर्यंत पाहिली गेली, तिथेही साध्या फिटने मुलाचं काही गेलं असं दिसलं नाही.

मिरगी, म्हणजे ताप नसताना वारंवार फिट येणं, ही एरवीही शंभरात अर्ध्या ते एका मुलाला असते. साधी तापाची फिट आलेल्यांत एक ते दोन. पहिली फिट वर्षाच्या आत, अनेकदा येणं, घरात मिरगी, हे सगळं एकत्र असलं तरी पंचविशीपर्यंत अडीचच्या आसपास. घरात *तापाची* फिट असणं परत येण्याची शक्यता वाढवतं. मिरगीची शक्यता वाढवते ती घरातली *मिरगी*. तुमच्या ह्यांचा इतिहास पहिल्या प्रकारातला दिसतो.

हे सगळं साध्या फिटबद्दल. साधी म्हणजे पूर्ण अंगाला, पंधरा मिनिटांच्या आत थांबलेली, चोवीस तासांत एकदाच. एकाच बाजूला झटके, लांबलेली, किंवा त्याच दिवशी पुन्हा, अशी असेल तर गणित बदलतं आणि तपासण्याही बदलतात. साध्या फिटला एमआरआय आणि ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख) लागत नाही. ईईजीत काही वेडंवाकडं दिसलं तर त्यावरून पुढचं काही सांगता येत नाही, उलट नको ते औषध सुरू होतं. जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा.

काकू, गार्डिनालबद्दल तुमचं निरीक्षण बरोबर होतं. १९९० मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. ज्या मुलांना ते रोज दिलं त्यांचा बुद्ध्यांक दोन वर्षांनी बाकीच्यांपेक्षा सरासरी आठ अंकांनी कमी भरला, आणि फिटही फारशा टळल्या नव्हत्या. त्यानंतर ते मागे पडलं. तुमच्या मुलाचं छान झालं हे उत्तमच.

चमच्याबद्दल काकूंनी सांगितलंच. मूल कुशीवर, तोंडात काही नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, नजर घड्याळावर. पाच मिनिटांच्या पुढे गेली तर नाकात मारायचा मिडॅझोलॅमचा, म्हणजे फिट थांबवणाऱ्या औषधाचा, स्प्रे. तो वजनावर ठरतो, आपल्या डॉक्टरांकडून लिहून आणि शिकून घ्या. जवळ नसेल तर १०८. चमचा वरणभाताला ठेवा.

एक विचारायचं राहिलं. दूध किती पितो?

इंदिरानगरवाली | १४ जून, रात्री १२:१५

डॉक्टर, दोनच्या गजराचा परिच्छेद ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, उठून चहा केला.

दूध पाच बाटल्या. म्हशीचं. जेवायला बसवलं की तोंड फिरवतो. का विचारलंत?

डॉ_सायकलवाला | १४ जून, सकाळी ६:५०

पाच बाटल्या पोटात गेल्यावर भाजी-भाकरीला जागा उरत नाही, आणि दुधात लोह नगण्य. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पाच वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांत रक्ताल्पता निघाली. लोह कमी असलेल्या मुलांत तापाची फिट जास्त दिसते. लोह दिलं की फिट थांबतील असं मी म्हणत नाहीये, पण हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) बघून घ्या. कमी असेल तर फिटशिवायही भरून काढायलाच हवं. बाटली सोडवा, दोन कप पुरे.

सिन्नरफाटा | १४ जून, सकाळी ९:४०

म्हणजे ताप आला तर औषध द्यायचंच नाही का आता?

डॉ_सायकलवाला | १४ जून, दुपारी २:००

द्या ना. मूल कण्हतंय, पाणी पीत नाही, झोपत नाही, तर जरूर द्या. त्याला बरं वाटावं म्हणून. झोपलेल्या मुलाला गजर लावून उठवू नका, एवढंच.

मखमलाबाद_रोड | १४ जून, दुपारी ४:१०

आमच्या डॉक्टरांनी ताप आला की तीन दिवस क्लोबाझाम (फिट टाळायचं औषध) सांगितलंय. देऊ की नको?

डॉ_सायकलवाला | १४ जून, रात्री ९:३०

आपल्याकडे बरेच जण देतात, वारंवार फिट येणाऱ्या मुलाला किंवा घरचे फार धास्तावलेले असतील तर मीही देतो. त्या तापातली फिट टळण्याची शक्यता वाढते. बदल्यात मूल पेंगतं, झोकांड्या खातं, आणि अशा पेंगलेल्या मुलात मेंदूज्वराची लक्षणं झाकली जाऊ शकतात. पुढे मिरगी होणं-न होणं याने बदलत नाही. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांची संघटना साध्या फिटला हे सुचवत नाही. तुमच्या डॉक्टरांनी मूल बघून ठरवलंय, त्यांच्याशीच बोला.

आठवी_गल्ली | १५ जून, रात्री ११:१०

सगळं बरोबर आहे, तरी माझं ऐकून ठेवा.

माझी मुलगी सात महिन्यांची असताना पहिली फिट आली. ताप शंभर, तोही लसीनंतरचा. डावा हात आणि डावा पाय, फक्त. चाळीस मिनिटं. सगळे म्हणाले, तापाची आहे, काही होत नाही. दीड महिन्याने परत, या वेळी उजवी बाजू. मग आंघोळीचं पाणी जरा गरम झालं तरी. वर्षभर 'काही होत नाही' ऐकलं. शेवटी मुंबईच्या न्यूरॉलॉजिस्टनी जनुकाची तपासणी करायला लावली. ड्रॅव्हे सिंड्रोम निघालं, जनुकातल्या दोषाने होणारी अवघड मिरगी. आधी जे औषध चालू होतं ते या आजारात फिट वाढवणारं होतं, ते बदललं.

मूळ धाग्यातल्या ताईंना घाबरवायचं नाही. तुमचं बाळ तसं दिसतच नाही. पण इथे वाचणाऱ्या शंभर जणांत एखादी माझ्यासारखी असेल. एकाच बाजूची, लांबलेली, वर्षाच्या आत, पुन्हा पुन्हा, कमी तापाला: यातलं दोन-तीन एकत्र दिसलं तर 'तापाची आहे' यावर थांबू नका. मोबाईलवर शूटिंग करा. आमचं निदान डॉक्टरांनी त्या शूटिंगवरून अर्धं केलं. लाज वाटायची, पोरगी तडफडतेय आणि मी कॅमेरा धरलाय. पण धरा.

डॉ_सायकलवाला | १६ जून, सकाळी ६:४५

ताई, हे लिहिलंत ते फार मोलाचं. माझ्या प्रतिसादात एका ओळीत उरकलं होतं मी.

यात एवढीच भर: सहा महिन्यांच्या आतलं बाळ, मान ताठ, टाळू फुगलेली, अंगावर पुरळ, फिट थांबून तास झाला तरी नीट जागं होत नाही, असं काही असेल तर ती 'तापाची फिट' म्हणून घरी ठेवायची गोष्ट नाही. तिथे मेंदूज्वर नाही ना हे आधी बघावं लागतं, प्रसंगी पाठीतलं पाणी काढून. लोक त्याला फार घाबरतात. मला न काढलेल्या पाण्याची जास्त भीती वाटते.

पंचवटीचा_पक्या | १६ जून, सकाळी ११:२५

लसीवरून आठवलं. भाचीची दीड वर्षाची गोवर-रुबेलाची राहिलीये, बहीण द्यायलाच तयार नाही. फिट येईल म्हणते.

डॉ_सायकलवाला | १६ जून, रात्री १०:०५

येऊ शकते, खोटं कशाला सांगू. गोवराच्या लसीने ताप यायचा तर साधारण आठवडा ते दोन आठवड्यांनी येतो आणि त्यात काही मुलांना फिट येते. गोवर-गालगुंड-रुबेला या तिहेरी लसीचा हिशोब दर तीन-चार हजार डोसांमागे एक जास्तीची फिट असा आहे. डेन्मार्कमध्ये पाच लाखांवर मुलांच्या नोंदी तपासून २००४ साली अहवाल आला: लसीनंतर आलेल्या अशा फिटमुळे पुढे मिरगीची शक्यता वाढलेली नव्हती. खरा गोवर झाला तर ताप १०४ चा, आणि गोवर मेंदूलाही सोडत नाही. बहिणीला सांगा, तारीख वहीत लिहून ठेवा, ते दोन आठवडे लांबच्या प्रवासाला जाऊ नका, पण लस द्या.

जुना_नाशिककर | १७ जून, सायंकाळी ७:३०

अवांतर: लग्नात का लपवतात याचं उत्तर कायद्यातही होतं. हिंदू विवाह कायद्यात वारंवार मिरगी येणारी व्यक्ती लग्नाला अपात्र धरलेली होती. ते १९९९ च्या दुरुस्तीने काढलं. ताईंच्या सासूबाईंनी मुलाच्या तापाच्या फिट लपवल्या त्या कदाचित याच धाकाने. तापाची वेगळी आणि मिरगी वेगळी, हे तेव्हा गल्लीत कोण ऐकून घेणार होतं? (हलके घ्या, सासूबाईंची वकिली मोफत.)

गोदाकाठची_काकू | १७ जून, रात्री ८:१५

मोफत कसली, खरंच आहे. मीही धाकट्या जावेला सांगितलं नव्हतं.

इंदिरानगरवाली | २१ फेब्रुवारी, रात्री १०:४०

धागा वर काढतेय.

हिमोग्लोबिन ८.९ निघालं होतं. थेंब चालू केले, बाटली तीन आठवडे रडून सुटली. आता नागलीची भाकरी खातो, तीही आईंच्याच हातून.

तिसरी फिट परवा आली, संध्याकाळी, आईंच्या मांडीवर. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर येऊन बघते तर आईंनी त्याला सतरंजीवर कुशीला वळवलेलं, पदराने लाळ पुसतायत आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोठ्याने आकडे म्हणतायत. ऐंशीला थांबली. स्प्रे हातात होता, मारायची वेळ आली नाही. अर्धा तास झोपला, उठून केळं मागितलं. डॉक्टरांना दाखवून आणलं, कान लाल होता, बाकी काही नाही.

मला अजूनही पोटात गोळा येतो. पण त्या रात्री झोपले.

आता एक बारीकसा प्रश्न. जूनपासून प्लेग्रुपला घालायचंय. फॉर्मवर रकाना आहे, 'फिट / आकडी येते का? हो / नाही'. ह्यांचं म्हणणं नाही लिहू, उगाच प्रवेश अडेल. आई म्हणतात हो लिहा. मी अडकलेय.

आठवी_गल्ली | २१ फेब्रुवारी, रात्री ११:०५

हो लिहा. बाईंना माहीत नसेल तर त्याही चमचा शोधतील.

डॉ_सायकलवाला | २२ फेब्रुवारी, सकाळी ६:४०

'हो' वर खूण करा आणि शेजारी लिहा: फक्त तापात, आजवर तीन वेळा, प्रत्येक वेळी पाच मिनिटांच्या आत थांबली, रोजचं औषध चालू नाही. सोबत डॉक्टरांची अर्ध्या पानाची चिठ्ठी जोडा, काय करायचं, काय नाही, आणि कुणाला फोन. माझे पेशंट असंच नेतात, आजवर कुणाचा प्रवेश अडला नाही.

आणि वजन आता किती? स्प्रे जूनमधल्या वजनावर लिहिलेला असेल तर डोस बदलून घ्या. बाटलीवरची तारीखही बघा.

इंदिरानगरवाली | २२ फेब्रुवारी, सकाळी ७:५५

११.४ किलो. तेव्हा ९.८ होतं. तारीख पुढच्या महिन्यातली आहे. आज संध्याकाळी जाऊन येते.